संगणकावरील खेळ : स्वच्छ चित्र आणि सुरळीत गति

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यांत जलाशय भरला कीं कोणी कळ न दाबतां ते एकेक करून आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजांतून सेकंदास १४२८ घनफूट पाणी भोगावतीच्या पात्रांत पडूं लागतें. "आज किती दरवाजे उघडले ?" हा प्रश्न त्या दिवसांत कोल्हापुरांत घरोघर विचारला जातो, कारण पंचगंगेची पातळी त्याच्या उत्तरावर पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

गेल्या श्रावणांत मी राधानगरीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों, तेव्हां मला मात्र निराळाच प्रश्न विचारण्यांत आला. त्यांच्या अकरावींतील मुलानें आपला लॅपटॉप माझ्यापुढें ठेवला आणि तो म्हणाला, "काका, खेळ अडकत अडकत चालतोय. दुकानदार म्हणतो, हा आतां जुना झाला, नवाच घ्या." नवा घ्यावयाचा म्हणजे साठ-सत्तर हजारांची गोष्ट. धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम मोडावी काय, असा विचार स्नेह्यांच्या मनांत घोळत होता, हें मला मागाहून कळलें. दीड तासानें तोच लॅपटॉप तोच खेळ सुरळीत दाखवूं लागला आणि त्यासाठीं एक पैसाहि खर्च झाला नाहीं. श्रोतेहो, त्या दीड तासांत आम्हीं काय केलें आणि तें कां केलें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम हलतें चित्र म्हणजे काय तें पाहूं. कोल्हापूरच्या माणसास हें समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना याच शहरांत १९२९ सालीं झाली आणि १९३२ सालचा तिचा बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा मराठींतील पहिला बोलपट होय. बोलपटांत एका सेकंदांत चोवीस स्थिर चित्रें डोळ्यांपुढून सरकतात आणि आपणांस चलनाचा भास होतो. परंतु चित्रपटांतील चित्रें अगोदरच तयार असतात. खेळांत तसें नसतें. खेळणारा मुलगा पुढच्या क्षणीं डावीकडे वळेल कीं उजवीकडे, हें यंत्रास ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणीं नव्यानें रेखाटावें लागतें. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील तर एका चित्रासाठीं यंत्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, एवढाच अवधि मिळतो. तीस चित्रांवर समाधान मानलें तर तो ३३.३ मिलिसेकंद होतो. या चिमूटभर अवधींत डोंगर, झाडें, माणसें, त्यांचे रंग, उजेड, सांवली आणि धुकें हें सारें काढून व्हावयास पाहिजे.

ग्राफिक्सच्या सेटिंगांचा सारा विषय म्हणजे या अवधीची वांटणी होय. ज्याप्रमाणें गृहिणी ठराविक पगारांत महिना बसवते, त्याप्रमाणें येथें ठराविक वेळांत चित्र बसवावयाचें असतें. खर्च आवाक्याबाहेर गेला कीं पुढचें चित्र उशिरां येतें आणि डोळ्यांस हिसका बसतो. सरासरी साठ चित्रें असूनहि मधूनच एखादें फार उशिरां आलें, तर खेळ अडखळल्यासारखा वाटतो; उलट एकसारख्या अंतरानें येणारीं चाळीस चित्रेंहि डोळ्यांस सुखकर होतात. म्हणून संख्येपेक्षां सातत्यास अधिक महत्त्व द्यावें.

कोणत्याहि सेटिंगास हात लावण्यापूर्वीं चार साध्या गोष्टी तपासाव्या. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर तो आपली शक्ति आंखडती घेतो. म्हणून खेळतांना तो वीजजोडणीवर असावा. पुष्कळ लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स यंत्रणा असतात, एक प्रोसेसरमधील साधी व दुसरी स्वतंत्र आणि बलवान्. खेळ चुकून साध्या यंत्रणेवर चालत नाहीं ना, हें विंडोजच्या डिस्प्ले विभागांतील ग्राफिक्स या पानावर पाहावें. टेबलावरचा संगणक असेल तर पडद्याची तार ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना, हें मागें डोकावून पाहावें. ती मदरबोर्डला जोडून महागडें कार्ड निरुपयोगी ठेवणारे लोक थोडे नाहींत. चौथी गोष्ट म्हणजे हवा. लॅपटॉप गादीवर ठेवला कीं त्याच्या तळाचीं छिद्रें बुजतात. यंत्र तापतें आणि स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतें. पहिलीं दहा मिनिटें खेळ उत्तम चालून मग मंदावत असेल, तर हेंच कारण बहुधा असतें. आमच्या मुलाचा लॅपटॉप उशीवर विराजमान झालेला होता आणि त्याच्या पंख्यांत वर्षाची धूळ सांचली होती. तो टेबलावर आला, पंखा स्वच्छ झाला, तेव्हांच निम्में काम झालें.

यानंतर मोजमाप. स्टीमवरील खेळांत सेकंदास किती चित्रें येतात तें पडद्याच्या कोपऱ्यांत दाखविण्याची सोय आहे. विंडोजमध्येंहि विंडोज व जी या दोन कळा एकत्र दाबल्या असतां तशी पट्टी उघडते. खेळांतील एक गजबजलेली जागा निवडावी, प्रत्येक वेळीं तेथेंच उभें राहून आंकडा पाहावा आणि एका वेळीं एकच सेटिंग बदलावें. सर्व कांहीं एकदम बदललें तर कशानें काय साधलें हें कधींच कळत नाहीं.

आतां स्वच्छतेचा विचार करूं. पडदा असंख्य बिंदूंचा बनलेला असतो. १९२० गुणिले १०८० या प्रचलित पडद्यावर २०,७३,६०० बिंदु असतात. १२८० गुणिले ७२० या मापांत ते ९,२१,६०० एवढेच. म्हणजे पहिल्या मापास सव्वादोन पटींनीं अधिक बिंदु रंगवावे लागतात. गति हवी म्हणून पुष्कळ लोक प्रथम हें माप, ज्यास रिझोल्यूशन म्हणतात, तेंच खालीं आणतात. गति वाढते, परंतु पडद्याचें मूळ माप सोडल्यामुळें अक्षरेंसुद्धां पुसट होतात आणि स्वच्छतेचा पायाच ढासळतो. म्हणून पडद्याचें मूळ माप शक्यतों कायम ठेवावें. फारच अडलें तर ‘रेंडर स्केल’ नांवाचें सेटिंग थोडें खालीं आणावें. त्यानें देखावा लहान मापांत रंगवून मग मोठा केला जातो, अक्षरें व खुणा मात्र स्पष्टच राहतात. अलीकडे हें मोठें करण्याचें काम अधिक कुशलतेनें करणाऱ्या पद्धति निघाल्या आहेत. एनव्हिडियाची डीएलएसएस ही तिच्या आरटीएक्स कार्डांवर चालते. एएमडीची एफएसआर आणि इंटेलची एक्सईएसएस यांचे बरेच प्रकार इतर कंपन्यांच्या कार्डांवरहि चालतात. यांत ‘क्वालिटी’ हा पर्याय प्रथम वापरून पाहावा; ‘परफॉर्मन्स’कडे जावें तसें बारीक तपशील विरघळूं लागतात.

दुसरें सेटिंग टेक्श्चरचें, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरील रंगकामाचें. भिंतीचा गिलावा, साडीचा पोत, झाडाची साल हें सारें त्यांत येतें. हें रंगकाम ग्राफिक्स कार्डाच्या स्मरणशक्तींत मावत असेल तोंवर त्याचा वेगावर फारसा भार पडत नाहीं. मावेनासें झालें कीं मात्र खेळ एकाएकीं हिसके देऊं लागतो. म्हणून मावेल तितकें उच्च टेक्श्चर ठेवावें आणि हिसके दिसतांच एक पायरी खालीं यावें. त्याच्याच जोडीचें अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग हें नांवानें भयंकर, पण खर्चानें स्वस्त आहे. दूर जाणारा रस्ता अगर फरशी तिरप्या नजरेनें पाहतांना पुसट होते, ती यानें स्पष्ट राहते. स्वतंत्र कार्ड असेल तर तें आठ किंवा सोळा पटींवर निर्धास्त ठेवावें.

खरा खर्च होतो तो सांवल्यांवर. राधानगरीहून घाट उतरून कोंकणांत गेलें म्हणजे कुडाळजवळ पिंगुळी गांव लागतें. तेथील ठाकर समाजाचे कलावंत दिव्यापुढें चामड्याच्या बाहुल्या धरून पडद्यावर कथा दाखवीत आले आहेत. त्यांस सांवली फुकट मिळते. दिवा लावला कीं ती पडलीच. संगणकास ती फुकट नाहीं. कोणत्या बिंदूवर उजेड पोंचतो आणि कोणत्या बिंदूवर नाहीं हें ठरविण्यासाठीं त्याला तो सारा देखावा दिव्याच्या जागेवरून आणखी एकदां पाहावा लागतो, आणि दिवे वाढले कीं तें कामहि वाढत जातें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कथेचे कांहीं भाग छायाबाहुल्यांच्या रूपानेंच सांगितलेले आहेत. अशा खेळांत सांवली अगदींच बंद करणें म्हणजे कलावंताच्या हातांतील कुंचला काढून घेणें होय. परंतु ‘अल्ट्रा’वरून ‘मध्यम’वर आणलेली सांवली खेळाच्या ओघांत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं आणि वेळ मात्र पुष्कळ वांचतो.

तीच गोष्ट धुक्याची. आम्ही बसलों होतों त्या खिडकींतून दाजीपूरच्या बाजूचे डोंगर धुक्यांत बुडालेले दिसत होते. निसर्गास त्याचें कांहींच ओझें नाहीं. यंत्रास मात्र हवेच्या थराथरांतून प्रकाश कसा जाईल याचा हिशेब करावा लागतो. पाण्यांतील प्रतिबिंबें, दाट गवत आणि रे-ट्रेसिंग हीं याच महागड्या जातींतील. रे-ट्रेसिंगमध्यें तर प्रकाशकिरणांचा मार्गच शोधला जातो. बेताच्या यंत्रावर तें सरळ बंद ठेवावें. बाकीचीं एकेक पायरी खालीं आणावीं.

आणखी कांहीं सेटिंगें चित्र जाणूनबुजून पुसट करतात. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन हीं सारीं कॅमेऱ्याच्या उणिवांचीं अनुकरणें आहेत. बाबूराव पेंटरांच्या पिढीनें ज्या दोषांशीं झगडा केला, ते येथें हौसेनें निर्माण केले जातात. ज्यास स्वच्छ चित्र हवें त्यानें हीं तिन्ही बंद करावीं. कडांवरील दांतेरी रेघा मऊ करणाऱ्या अँटी-एलियासिंगचे मात्र प्रकार पाहून घ्यावे : एफएक्सएए स्वस्त पण चित्र किंचित् पुसट करणारें, एमएसएए स्वच्छ पण महाग, टीएए या दोहोंमधला मार्ग.

एवढें करूनहि गति वाढत नसेल तर एक कसोटी घ्यावी. रिझोल्यूशन क्षणभर अगदीं खालीं आणावें. तरीहि आंकडा जागचा हलला नाहीं, तर दोष चित्रकाराचा नसून हिशेबनिसाचा, म्हणजे प्रोसेसरचा आहे असें समजावें. अशा वेळीं गर्दीची दाटी आणि दृष्टीचा पल्ला हीं सेटिंगें कमी करावीं. नवें ग्राफिक्स कार्ड आणून या दुखण्यास उतार पडणार नाहीं. पैसे मात्र जातील. ज्या लॅपटॉपांत स्वतंत्र कार्डच नाहीं, तेथें ग्राफिक्सचें काम संगणकाच्या सामान्य मेमरींतूनच चालतें. तींत एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी पट्टी बसविणें हा त्यांतल्या त्यांत स्वस्त आणि खरा उपाय आहे.

शेवटची गोष्ट मर्यादेची. साधा पडदा सेकंदास साठ वेळां नव्यानें उमटतो. यंत्राचीं चित्रें त्या तालाशीं जुळलीं नाहींत, तर वरचा अर्धा भाग एका चित्राचा व खालचा दुसऱ्याचा, असा फाटका देखावा दिसतो. व्ही-सिंक चालू केलें कीं ही फाटाफूट थांबते. मात्र कळ दाबल्यापासून कृति दिसण्यास किंचित् विलंब होतो. यंत्रास साठ चित्रें झेपत नसतील तर तीसची मर्यादा घालावी, कारण साठाला तीसानें निःशेष भाग जातो आणि ताल चुकत नाहीं. यंत्राच्या गतीप्रमाणें आपला ताल बदलणारे पडदेहि आतां मिळतात. त्यांवर चाळीस-पन्नास चित्रेंहि सुरळीत दिसतात. अशी मर्यादा घालण्याचा दुसराहि लाभ आहे. यंत्र विनाकारण धांवत नाहीं, म्हणून तें कमी तापतें आणि पंख्याचा आवाजहि उतरतो.

आमच्या मुलाच्या लॅपटॉपवर सर्व कांहीं ‘अल्ट्रा’वर होतें, आणि सेकंदास जेमतेम वीस-बावीस चित्रें येत होतीं. धूळ काढली, सांवल्या व धुकें मध्यम केलें, प्रतिबिंबें उतरविलीं, मोशन ब्लर बंद केलें. टेक्श्चर आणि पडद्याचें माप यांस हात लावला नाहीं. आंकडा पन्नासच्या आसपास स्थिर झाला. मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हें तर आधींपेक्षां जास्त स्वच्छ दिसतंय." तें खरेंच होतें, कारण जें पुसट करीत होतें तेंच आम्हीं काढून टाकलें होतें.

नवें यंत्र कधींच घेऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. यंत्राचीहि एक वयोमर्यादा असते. परंतु आपल्याजवळ काय आहे आणि तें किती देऊं शकतें, हें एकदां नीट पाहिल्यावांचून पैशाच्या पेटीस हात लावूं नये. संध्याकाळीं बाहेर पाऊस वाढला होता. मुलीनें बातम्या ऐकून तिसरा दरवाजा उघडल्याचें सांगितलें, आणि स्नेही हंसून म्हणाले, "आपला मात्र आज एकहि उघडावा लागला नाहीं."