दुसरा संघ कोणासाठी?

2007 ते 2019 या बारा वर्षांत पुण्याने चार व्यावसायिक फुटबॉल क्लब पाहिले आणि चारही गमावले. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी उभा केला. इंडियन सुपर लीगबरोबर 2014 मध्ये एफसी पुणे सिटी आला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला आणि डीएसके शिवाजियन्सने त्याच लीगमध्ये दोन हंगाम काढले. 2019 मध्ये पुणे सिटीनेही गाशा गुंडाळला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. मालकाचा पैसा किंवा उत्साह आटला की पहिला संघ जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या शहरात क्वचितच मिळेल. या पडझडीत एक गोष्ट मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे जिवंत पोचली, ती म्हणजे मामुर्डीत रुजलेली पुणे एफसीची अकादमी. पुणे एफसी आवरता घेतला जात असताना पुणे सिटीने ती आपल्याकडे घेतली आणि त्या पायावर आपला राखीव संघ उभा केला. क्लबच्या हिशेबात राखीव संघ खर्चाच्या बाजूला दिसतो. प्रत्यक्षात मालक गेल्यावरही खेळाकडे शिल्लक राहते ती याच संघाची कमाई. मात्र ही कमाई आजूबाजूच्या तालुक्यांपर्यंत पोचायची असेल, तर हा संघ शहराबाहेर खेळायला हवा.

राखीव संघाचे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून ते फालतू वाटते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचे मैदान पाहिले की ते कळते. नव्वद मिनिटे खेळलेले अकरा जण हलके धावणे आणि ताणाचे व्यायाम करून निघून जातात. बाकावर बसून राहिलेल्यांना मात्र त्याच दिवशी जोरकस सराव लागतो, नाहीतर दोन आठवड्यांत त्यांचा दम उतरतो. त्यांच्यासमोर उभे राहायला जे अकरा हवेत, ते राखीव संघातून येतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा डावखुरा विंगर आत वळून फटका मारत असेल, तर आठवडाभर त्याची भूमिका राखीव संघातला एखादा पोरगा वठवतो आणि पहिल्या संघाचा बचावपटू त्याच्यावर हात बसवतो. यात त्या पोराचाही फायदा असतो. तालमीत नवशिका ज्येष्ठ पैलवानाशी रोज लढत घेतो, तो जिंकण्यासाठी नव्हे, तर पकड कुठे सुटते ते कळावे म्हणून, इथेही तेच. एकोणीस वर्षांखालील स्पर्धा संपते तिथून पहिल्या संघाच्या दारापर्यंतची तीन-चार वर्षे ही फुटबॉलमधली सर्वांत धोक्याची. त्या वयात प्रौढांविरुद्ध सामने मिळाले नाहीत, तर गुणी खेळाडूही घरी परततो.

पुण्यातल्या या व्यवस्थेचे सर्वांत ठळक फळ म्हणजे आशिक कुरुनियन. तो 2014 मध्ये पुणे एफसीच्या अकादमीत आला, पुढे पुणे सिटीकडून स्पेनमधल्या व्हियारेआलच्या तिसऱ्या संघात जाऊन आला, परतल्यावर पुणे सिटीच्या पहिल्या संघातून खेळला आणि जानेवारी 2019 मध्ये आशियाई चषकात भारताने थायलंडला 4-1 हरवले, त्या सामन्यात मैदानात उतरला. त्याच वर्षी क्लब बुडाला. खेळाडू बुडाला नाही, तो बंगळुरूकडून खेळू लागला. पण आशिक केरळातल्या मलप्पुरमचा. तिथून हजारभर किलोमीटर ओलांडून तो पुण्यात पोचला, आणि पंचाहत्तर किलोमीटरवरच्या दौंडचा किंवा पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरचा मुलगा पोचला नाही. याचे कारण गुणांत शोधणे अन्यायाचे. मलप्पुरममध्ये सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या, स्पर्धांना गावेच्या गावे लोटतात. तिथल्या मुलाला शिडीच्या खालच्या पायऱ्या घराशेजारीच सापडतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन, राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट तिथे आहेत. म्हणजे गाडी आहे, मैदानाची आणि कसरतीची सवय आहे. नाही ती पुढची पायरी. बालेवाडीचे क्रीडासंकुल आणि मामुर्डीची अकादमी दोन्ही पुण्याच्या पश्चिम टोकाला. दौंडहून येणाऱ्याला अख्खे शहर पार करावे लागते, आणि शिरूरला तर रेल्वेच नाही. सकाळी सहाच्या सरावाला रोज ये-जा करणे दोघांनाही शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, मोठ्या क्लबांचे दुसरे संघ खालच्या लीगमध्ये घुसवले की छोट्या क्लबांची जागा जाते आणि स्पर्धेला अर्थ राहत नाही. 2017-18 मध्ये पुणे सिटीसह सुपर लीगमधल्या अनेक क्लबांचे राखीव संघ आय-लीगच्या द्वितीय श्रेणीत खेळले, पण त्यांना वर चढण्याची मुभा नव्हती. वर गेला तो रिअल काश्मीर. म्हणजे हक्काच्या जागेचा प्रश्न नियमानेच सोडवला होता. स्पेनमध्ये दुसरा संघ वर चढू शकतो, पण मूळ संघाच्या श्रेणीत जाऊ शकत नाही. तिथे रिअल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया 1980 मध्ये चषकाच्या अंतिम फेरीत आपल्याच मूळ संघासमोर उभा राहिला आणि 6-1 हरला. मेक्सिकोत ग्वादालाहाराचा चिवास हा क्लब फक्त मेक्सिकन खेळाडू घेतो. परदेशातून तयार माल आणण्याची वाट त्याने स्वतःच बंद केली आहे, म्हणून त्याचा राखीव संघ तापातिओ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत प्रौढांशी झुंजतो. मेक्सिकोने 2020 मध्ये बढती-घसरण थांबवली आणि त्यावर तिथे रास्त टीका झाली. पण तो दोष लीगच्या रचनेचा, दुसऱ्या संघाच्या कल्पनेचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक घरचा आहे. शिरूर-दौंडच्या मातीत कुस्ती आणि कबड्डी रुजलेली. तिथे फुटबॉलचा राखीव संघ नेऊन काय साधणार? याचे उत्तर कबड्डीनेच दिले आहे. प्रो कबड्डीत संघांना लिलावाबाहेर नवे तरुण खेळाडू घेऊन घडवण्याची सोय आहे. पुणेरी पलटणने आठव्या हंगामात असलम इनामदार आणि मोहित गोयत यांना याच वाटेने घेतले. असलम शिरूरला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातला. 1 मार्च 2024 रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार तोच होता. खेड्यातल्या पोराला खेळाची जात लागत नाही. पुढचा टप्पा कोणता, तिथे कोण घेईल आणि तोवर जेवणाखाण्याचे काय, एवढे ठाऊक असावे लागते. कबड्डीने ते सांगितले, पुण्याच्या फुटबॉलने सांगितले नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. जो क्लब पहिल्या संघालाच पोसू शकत नाही, तो दुसरा कसा पोसणार? पण पहिल्या संघाचा मोठा खर्च परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षकांवर जातो. राखीव संघाला लागते वसतिगृह, दोन जाणते प्रशिक्षक, एक फिजिओ आणि भरपूर सामने. हा खर्च एका मालकावर न टाकता वाटता येतो. शिरूर तालुक्यातच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कंपन्यांनी एका संघाचे वसतिगृह उचलणे अशक्य कोटीतले नाही. उद्या पुण्यात पाचवा क्लब आला, तर जिल्ह्याने त्याच्याकडून तारांकित खेळाडूंची यादी मागू नये. राखीव संघाचे घरचे निम्मे सामने दौंड आणि शिरूरला खेळवा, आणि अकादमीची मालकी क्लबपासून वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे ठेवा, या दोन अटी घालाव्यात. पहिल्या अटीने पूर्वेच्या तालुक्यांतल्या मुलाला पुढची पायरी डोळ्यांनी दिसेल. दुसरीमुळे मालक गेला तरी ती पायरी त्याच्याबरोबर जाणार नाही. एवढे मान्य नसेल, तर क्लबच्या नावात पुणे असण्याचा जिल्ह्याला काही उपयोग नाही.