फिट, अनफिट आणि तिकीट काढलेले आपण

देहूच्या माणसाला विमानाचं अप्रूप सांगू नये. तुकाराम बीजेच्या दुपारी नांदुरकीच्या झाडाभोवती दाटी करणाऱ्या आम्हा लोकांच्या मनात तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान सतराव्या शतकापासून आहे. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये ते पडद्यावरही आलं. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, आणि तिथल्याच विमानतळाला त्यांचं नाव द्यायच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. वैकुंठाच्या विमानाला फिटनेसचा दाखला लागत नाही. लोहगावहून उडणाऱ्या विमानाला लागतो, आणि ते चालवणाऱ्या माणसालाही लागतो. या दुसऱ्या दाखल्याने मला गेली कित्येक वर्षं वेड लावलं आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होतो. पार्ट पास की रिजेक्ट, हेच आयुष्यभर ठरवलं. अख्खा माणूस पास की रिजेक्ट हे कोण आणि कशावरून ठरवतं, हे कुतूहल तिथलंच.

नियमांचं आधी उरकून टाकतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना मूळ निकष घालून देते, आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ते राबवतं. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन दाखला, शिकाऊ आणि हौशी वैमानिकाला क्लास टू, हवाई वाहतूक नियंत्रकाला क्लास थ्री. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचं क्लास वन साधारण वर्षभर चालतं, साठीनंतर सहाच महिने, आणि पासष्टीनंतर प्रवासी विमान चालवता येत नाही. या जगात सगळे या दाखल्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. ‘मेडिकल झालं का?’ हा प्रश्न वैमानिकाच्या घरात ‘जेवण झालं का?’ इतक्याच सहज विचारला जातो. पहिलं क्लास वन बराच काळ हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात होत असे. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन त्यातली सर्वात नामांकित. १९५७ साली सुरू झालेल्या या संस्थेने अंतराळवीर राकेश शर्मांना तपासलं आणि गगनयानासाठीही वैमानिक निवडून दिले. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर तिच्या फाटकाबाहेर मी बराच वेळ रेंगाळून आलो आहे. आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता माझ्या आवडीच्या वर्षाकडे येऊ. ते वर्ष १८७५, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणाच्या अठ्ठावीस वर्षं आधीचं. विमानवैद्यकाचे दोन धागे, चालवणाऱ्याची तपासणी आणि उंचावरची विरळ हवा, मला त्याच एका वर्षात सापडतात. त्या नोव्हेंबरात स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ फ्रिथियॉफ होल्मग्रेन यांना शंका आली की इंजिन चालवणाऱ्याला लाल-हिरवा कंदील ओळखताच आला नसावा. रंगीत लोकरीच्या लड्या घेऊन ते रेल्वेच्या नोकरांची परीक्षा घेत सुटले. एका मार्गावरच्या २६६ जणांपैकी १३ रंगांध निघाले. अलीकडच्या संशोधकांनी कागद पुन्हा तपासून म्हटलंय की मूळ अपघात रंगांधतेमुळे झाला असं सिद्धच होत नाही. म्हणजे बहुधा चुकीच्या निदानातून एक अत्यंत योग्य तपासणी जन्माला आली. क्वालिटीच्या धंद्यात असं पुष्कळदा घडतं.

होल्मग्रेनच्या लोकरीची जागा पुढे जपानी लष्करी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पुस्तकाने घेतली. १९१७ पासून आजतागायत तेच चालू आहे. निगडीतल्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांकडे मी ते पुस्तक तासभर घेऊन बसलो होतो. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी मला सोडवेना. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा सगळ्यांना दिसतो, रंगांधालाही. ज्याला तोही ‘दिसत नाही’, तो सोंग करतोय किंवा त्याला प्रश्नच कळलेला नाही. पुढची काही पानं तर अशी की शाबूत डोळ्याला आकडा लागत नाही, रंगांधाला मात्र वाचता येतो! पाठांतर करून येणाऱ्यांना यातून सुटका नाही. आणि पुस्तक दिवसाच्या उजेडात दाखवायचं असतं, पिवळ्या दिव्याखाली निकाल बदलू शकतो.

रंगाचा एवढा बाऊ कशाला? विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. रात्री समोरचं विमान येतंय की जातंय, हे त्यावरूनच कळतं. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आलंय. रेडिओ बंद पडला, तर टॉवरवरून हिरवा किंवा लाल झोत टाकतात. तळवड्याच्या एका ओळखीच्या घरातला मुलगा बारावीनंतर पायलट व्हायला निघाला. फ्लाइंग स्कूलची फी भरायला बापाने जमीन विकायची तयारी केली, आणि मुलगा इशिहाराच्या पानांवर अडखळला. तोवर व्यवहार झाला नव्हता, म्हणून वाचले. बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही मुलाला घालायचं असो, आधी मेडिकल करा आणि मग पैशाचं बोला. चष्मा असला तर घाबरू नका, तो चालतो. फक्त उड्डाणाच्या वेळी दुसरी जोडी जवळ लागते.

रंगाची तपासणी पास-नापास आहे. हृदयाची तशी नाही. तिथे वैद्यकाने चक्क संभाव्यतेचं गणित मांडलं, आणि ते मला फार देखणं वाटतं. १८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडेंट विमान कोसळून आतले सर्व ११८ जण गेले. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या वाईट अवस्थेत आढळल्या. पुढे ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी ‘एक टक्क्याचा नियम’ मांडला. एखादा वैमानिक वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्का धरा. वर्षाचे तास ढोबळमानाने दहा हजार, म्हणजे दहा लाख तासांत एकदा. टेकऑफ आणि लँडिंगचा नाजूक काळ उड्डाणाचा दहावा हिस्सा, म्हणजे शक्यता एक कोटी तासांत एक. शेजारी दुसरा वैमानिक आहे, आणि ऐनवेळी सूत्रं हाती घेण्यात तो शंभरातून एकदाच चुकतो. झालं शंभर कोटी तासांत एक. हा धोका परवडतो. म्हणून विमानवैद्यकाचा डॉक्टर ‘तुम्हाला रोग आहे का?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘तो रोग तुम्हाला नेमका धावपट्टीवर गाठेल का?’ हा त्याचा खरा प्रश्न. याच हिशेबाने ब्रिटनने २०१२ पासून इन्शुलिन घेणाऱ्या काही वैमानिकांनाही कडक देखरेखीखाली उडू दिलं.

गणित बरोबर असलं तरी माणूस जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरहून पुण्याला विमान घेऊन निघणार असलेला कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि वाचला नाही. म्हणून तपासणी कुचकामी ठरत नाही. शक्यता कमी करता येते, पुसता येत नाही. दमणुकीवर मात्र आपल्याकडे फार उशिरा बोलायला लागले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेणारे नियम आत्ता आत्ता आले. दारूच्या बाबतीत हयगय नाही. उड्डाणापूर्वी बारा तास वर्ज्य, फुंकर-यंत्रावर शून्य, आणि २०२३ पासून अल्कोहोलयुक्त माउथवॉशसुद्धा बंद. मनाच्या आजाराबाबत मला हे सगळं जग भित्रं वाटतं. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आजार लपवून विमान आल्प्समध्ये घातलं, १५० जण गेले. ‘अनफिट’ शब्दाने पोट जातं, तिथे खरं सांगायला कोण धजावणार? सांगणाऱ्याची नोकरी टिकेल अशी सोय आधी हवी, तपासणीचा नंबर त्यानंतर.

आता १८७५ चाच दुसरा धागा. त्या एप्रिलात ‘झेनिथ’ बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या. मात्र त्या अपुऱ्या पडतील, असं पॉल बेर या शास्त्रज्ञाने पत्राने कळवलंही होतं. विरळ हवेत हात उचलून नळी तोंडाला लावायचं बळच उरलं नाही. दोघे मेले. वाचलेल्या तिसांदियेने लिहून ठेवलं की त्रास तर नाहीच, उलट प्रसन्न वाटत होतं. प्राणवायू कमी पडण्याच्या अवस्थेची हीच मेख आहे.

आज आपण खिडकीत बसून कॉफी पितो, कारण केबिनमध्ये दाब भरलेला असतो. पण तो जमिनीवरचा नसतो! नियमाप्रमाणे केबिनची ‘उंची’ आठ हजार फुटांपर्यंत जाऊ शकते. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली आजी व्हीलचेअरवरून विमानात चढते आणि कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीच हजार फूट वर पंधरा तास बसून राहते. तिला कुणी फिट-अनफिटचा दाखला मागत नाही. धडधाकट माणसाला काही जाणवत नाही. फुप्फुसाचा, हृदयाचा आजार किंवा रक्त फार कमी असलेल्याला जाणवू शकतं. शिवाय पोटातला, कानातला वायू जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने फुगतो. म्हणून पोटाच्या ताज्या ऑपरेशननंतर आणि नव्या प्लॅस्टरवर विमान टाळतात, आणि उतरताना तान्ह्याला पाजतात.

माझं स्पष्ट मत आहे : आपले लोक व्हीलचेअर मागायला लाजत नाहीत, झालेला हार्ट अटॅक सांगायला लाजतात. विमान कंपन्यांचा ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म असतो. अलीकडे आजारपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर तुमचे डॉक्टर तो भरतात आणि कंपनीचे डॉक्टर तपासतात. ‘तिकीट रद्द होईल’ या भीतीने आमच्याकडे तो दडवतात. गरोदरपणात साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दाखला मागतात, एकच मूल असेल तर छत्तिसाव्यापर्यंत सोडतात, जुळ्यांना त्याआधीच थांबवतात. चार तासांहून लांब प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. तरी तो सहा हजारांत एकाला, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २००७ चं अनुमान आहे. उठून चालावं, पाणी प्यावं. आफ्रिकेत नोकरीला निघालेल्यांनी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

आणि वरती काही झालंच तर? २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग आढळला. सर्वाधिक प्रसंग चक्कर आणि शुद्ध हरपण्याचे होते. जवळजवळ निम्म्या वेळा प्रवाशांतलाच एखादा डॉक्टर उठून आला. उरलेल्या निम्म्यांत तुम्ही असू शकता.

तेव्हा या दिवाळीत आई-वडिलांचं परदेशाचं तिकीट काढणार असाल, तर पैसे भरण्याआधी त्यांना डॉक्टरकडे न्या. गोळ्या आणि इन्शुलिन चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, खालच्या सामानात टाकू नका. डॉक्टरांना ‘प्रवास केला तर चालेल का?’ असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळेल. आठ हजार फुटांवर पंधरा तास बसलं तर चालेल का, असं विचारा.