बॅटरी नाही, जागा नाही, तरी कुलूप हवंच!

आजचा भाग आपल्या पनवेलमधून. कळंबोलीला एक्स्प्रेस वे सुरू होतो, त्यामुळे आमच्याकडे फास्टॅगच्या गप्पा जरा जास्तच. जून २०२२ मध्ये फिरलेला तो व्हिडिओ आठवतोय? गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करतो आणि म्हणे पैसे जातात! आमचे मामा तर टॅग खरवडून काढायला निघाले होते. एनपीसीआयने लगेच खुलासा केला की व्हिडिओ खोटा आहे. फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या ठिकाणीच जातात, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे नाही.

पण मामांचा प्रश्न मला आवडला. ‘एवढ्याशा स्टिकरला कुलूप लावणार तरी कुठे?’

बघा, फास्टॅगमध्ये पैसे नसतात आणि बॅटरीही नसते. नाक्यावरच्या रीडरच्या रेडिओ लहरींमधूनच त्याला वीज मिळते, तेवढ्यात तो स्वतःची ओळख सांगतो. पैशांचा हिशेब मागे बँकेत होतो. दार उघडणाऱ्या कार्डाला मात्र नुसता नंबर सांगून भागत नाही, कारण ऐकलेला नंबर कुणीही कॉपी करेल. म्हणून रीडर दर वेळी नवा आकडा पाठवतो. कार्ड तो आपल्या गुप्त चावीने एन्क्रिप्ट करून परत देतं. चावी स्वतः कधीच बाहेर जात नाही.

आता हे गणित करायला चिपवर जागा लागते. ती जागा ‘गेट’मध्ये मोजतात. गेट वाढले की चिप महागते.

इथे टोलनाकाच डोळ्यासमोर आणा. सोळा लेन बांधल्या तर गाड्या झटपट सुटतील, पण जागा भरपूर लागेल. एकच लेन ठेवली तर जागा वाचेल, रांग लागेल. २००७ साली आलेल्या ‘प्रेझेंट’ नावाच्या सायफरचं असंच आहे. तो ६४ बिटचा डेटा ४-४ बिटच्या १६ तुकड्यांत बदलतो. सोळाही तुकडे एकदम बदलायचे तर साधारण १५७० गेट लागतात आणि काम घड्याळाच्या ३२ ठोक्यांत होतं. एकेक करून बदलले तर गेट हजाराच्या आसपास येतात, पण ठोके पाचशेच्या वर जातात. चिपचं घड्याळ सेकंदाला १ लाख ठोके देत असेल, तरी हे सगळं सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागात उरकतं. कार्ड टेकवणाऱ्याला कळतही नाही.

म्हणजे जागा वाचवायची तर वेळ थोडा जास्त घ्या. चावी छोटी करू नका! मायफेअर क्लासिक कार्डात नेमकं तेच झालं. चावी फक्त ४८ बिटची, आणि आतली पद्धत गुप्त ठेवलेली. संशोधकांनी चिप मायक्रोस्कोपखाली बघून ती पद्धत शोधली, आणि २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या टीमने ते कार्ड कसं फोडता येतं हे दाखवून दिलं. तोवर अशी कार्डं जगभर कोट्यवधी लोकांच्या खिशात होती. कार्डातलं हार्डवेअर अपडेट करता येत नाही. बदलायचं तर कार्डच बदला.

पुढे अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने छोट्या उपकरणांसाठी खुली स्पर्धा घेतली. जगभरातल्या लोकांनी एकमेकांची डिझाइन्स फोडायचा प्रयत्न केला. २०२३ मध्ये ‘अॅस्कॉन’ निवडलं गेलं. त्याची चावी १२८ बिटची आहे, पद्धत सगळ्यांसमोर आहे, आणि चिप तरीही छोटी राहते.

तर स्मार्ट लॉक किंवा कॅमेरा घेताना दुकानदाराला एक विचारा, ‘यात एन्क्रिप्शन कुठलं?’ एईएस किंवा अॅस्कॉन असं नाव सांगितलं तर पुढे बोला. ‘कंपनीचं स्वतःचं सीक्रेट आहे’ म्हणाला, तर मी तरी दुसरं दुकान बघेन.

मामांचा टॅग काचेवरच आहे बरं का! तुमच्या घरात असा कुठला फॉरवर्ड फिरला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.