बारीक दोऱ्याचं दुपटं : आधी नमुना, मग हिशोब, मगच ऑर्डर



गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, क्रोशाचं बाळाचं दुपटं शिकलो, तर कितीला द्यायचं?" बाळंतविड्यात झबलं, टोपडं, कुंची असते तसं दुपटंही लागतंच. लोकरीचं दुपटं तुमच्यापैकी अनेकजणींना येतं. बारीक सुती दोऱ्याचं दुपटं मात्र उन्हाळ्यातही बाळाला चालतं, टोचत नाही आणि वारंवार धुता येतं. पण त्याला वेळ फार लागतो. तो वेळ आधी मोजला नाही, तर दुपटं छान होतं आणि हातात मजुरी उरत नाही. म्हणून विणणं आणि हिशोब, दोन्ही एकत्रच शिकूया.

दोरा आणि सुई

दोऱ्याच्या गुंड्यावर १०, २०, ४० असा नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. इचलकरंजी भागातल्या ताईंना हे नवीन नाही. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि आज त्या भागात सुताचा काउंट घराघरात माहीत आहे. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. म्हणून ४० काउंटचं सूत २० पेक्षा बारीक. क्रोशाच्या दोऱ्यात धागे एकत्र पिळलेले असतात, त्यामुळे त्याचा नंबर आणि मागावरचा काउंट एकच धरू नका. पण मोठा नंबर म्हणजे बारीक दोरा, हा नियम दोन्हीकडे तोच.

शिकताना १० नंबरने सुरुवात करा, हात बसला की २० घ्या. सुई घेताना तिच्यावरचे मिलिमीटर बघा. १० नंबरला साधारण दीड मिमी आणि २० नंबरला सव्वा मिमीची सुई चालते. विणकाम घट्ट होत असेल तर किंचित जाड सुई घ्या. एका दुपट्याचा सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग थोडा वेगळा निघू शकतो. रंगीत दोरा असेल तर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर चोळा. रंग लागला, तर तो दोरा बाळासाठी नको.

नमुना विणा

एकदम दुपटं सुरू करू नका. आधी चार-पाच इंचांचा चौकोन विणा. साखळी आणि खांब एवढं आलं तरी पुरे. खांब घालताना सुईवर एक वेढा घ्यायचा, साखळीत सुई घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास होतात. दोरा घेऊन दोन फासांतून काढायचा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढायचा. झाला खांब.

जितके खांब हवेत, त्यापेक्षा दोन साखळ्या जास्त घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्या. सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजे ओळीतला पहिला खांब. पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घालायच्या, त्याही एक खांबच. ओळ संपताना शेवटचा खांब खालच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या टोकात घ्यायचा. नवीन हात नेमका हा खांब विसरतो. मग ओळीगणिक एकेक खांब कमी होतो आणि चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागतो. दर ५० खांबांवर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, म्हणजे मोजणं सोपं जातं.

पायाची साखळी घट्ट झाली तर खालची कड आवळते. साखळी जरा जाड सुईने घाला, खांबांना नेहमीची सुई घ्या.

नमुना धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये आडवे खांब आणि उभ्या ओळी मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा, त्यामुळे शेजारणीचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आता हिशोब

समजा, तुमच्या नमुन्यात १० सेंटीमीटरला ४० खांब आणि १८ ओळी आल्या. दुपटं ७५ बाय ७५ सेंटीमीटरचं हवं आहे. मग आडवे ३०० खांब आणि उभ्या १३५ ओळी. एकूण खांब झाले ४०,५००.

घड्याळ लावून एका मिनिटात किती खांब होतात ते बघा. १५ होत असतील, तर ४०,५०० खांबांना २,७०० मिनिटं, म्हणजे ४५ तास लागतील. रोज स्वयंपाक, जनावरं, शेत सांभाळून दीड तास मिळाला, तर दुपट्याला पूर्ण एक महिना.

दोरा किती लागेल, तेही नमुन्यावरूनच कळतं. १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन फार हलका असतो, किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचं नेमकं वजन कळत नाही. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. तो २ ग्रॅम भरला, तर ७५ बाय ७५ ला साधारण ११३ ग्रॅम लागतात. थोडा जास्तीचा धरून १२५ ग्रॅम घ्या.

तासाला ४० रुपये मजुरी धरली, तरी ४५ तासांचे १,८०० रुपये होतात. दोरा आणि बाजारात जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. "घरात बसूनच तर करतेस" असं म्हणत कुणी ४०० रुपयांना मागितलं, तर हा कागद पुढे ठेवा.

हा प्रश्न आपल्या एकटीचा नाही. आंध्र प्रदेशात नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, लेस परदेशी जात होती, पण त्यांना कामगार कुणी मानत नव्हतं. घरात बसलेल्या बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असं म्हणून मजुरी नाममात्र राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. आपल्याला हे टाळायचं असेल, तर तास वहीत लिहिले पाहिजेत.

परवडत नसेल तर?

१,८०० रुपये मजुरी देणारं गिऱ्हाईक गावात सहज मिळत नाही. मग भाव पाडण्याऐवजी काम बदला. मऊ मलमलचं दुपटं शिवा, कडेला काजटाका घाला आणि त्यावर बारीक दोऱ्याची तीन ओळींची कड विणा. चार बाजूंचे मिळून एका फेरीत १,२०० खांब, तीन फेऱ्यांत ३,६००. वेळ फक्त चार तास आणि दोरा १० ग्रॅमच्या आसपास. कोपऱ्यांना थोडे खांब वाढवावे लागतात, एवढंच. मजुरी १६० रुपये, त्यात कापड, शिलाई आणि दोरा मिळवा. असं दुपटं विकायला सोपं जातं आणि शिकणाऱ्या हाताला सरावही होतो. पूर्ण विणलेलं दुपटं फक्त ऑर्डर आणि आगाऊ रक्कम घेऊनच करा.

बाळाची काळजी

बाळासाठी मोठ्या भोकांची नक्षी टाळा. तान्ह्या बाळाची बोटं त्यात अडकतात. सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, म्हणून प्रत्येक टोक सुईने तीन-चार इंच आत ओवून मगच कापा. मणी, गोंडे, बटणं लावू नका. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर दुपटं येऊ देऊ नका, हे गिऱ्हाइकालाही सांगा. देण्याआधी सौम्य साबणाने धुवा आणि सपाट पसरून वाळवा. टांगलं तर ओल्या वजनाने ताणतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपला नमुना आणावा. मागे चिठ्ठी लावा : दोऱ्याचा नंबर, सुई, १० सेंटीमीटरमधले खांब आणि ओळी, मिनिटाला किती खांब, आणि वजन. या पाच गोष्टी असल्या की गटाचा दर आपण सगळ्याजणी मिळून ठरवू, आणि मग कुणी एकीला बाजूला घेऊन भाव पाडू शकणार नाही.