जॉली बॉयला जाण्याआधी

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, वंडूर, दक्षिण अंदमान. स्थापना १९८३, क्षेत्रफळ सुमारे २८१ चौ.कि.मी., बेटं १५. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) वंडूरची जेटी साधारण ३० कि.मी. कोरड्या मोसमात बोटी उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर जातात, एरवी रेड स्किन बेटावर. परवाना वनखात्याचा. प्लास्टिकच्या बाबतीत तपासणी कडक असते, आणि ती तशीच हवी.

काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. पण पोहता येत असेल तर स्नॉर्केलिंगच करा. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, ती करकर पाण्याखाली चक्क ऐकू येते. शेवाळाबरोबर पोटात गेलेला प्रवाळाचा चुना बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो, तिच्यात ही माशाची विष्ठाही आलीच! समुद्रफुलात राहणारा विदूषक मासा जन्मतः नर असतो. गटातली मादी मेली की मोठा नर मादी होतो.

समुद्रगाय हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी, पण ती दिसेल या भरवशावर जाऊ नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी मात्र या भागात आहेत; वंडूरच्या किनाऱ्यावर सूचना वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालणं गुन्हा आहे.