हळद शिजविण्यातील सरपण व पाणी : व्यापाराचा वाटा

हिंगोली जिल्ह्यातील हळद आता केवळ शेतकऱ्याच्या बांधापुरती राहिलेली नाही. वसमत व हिंगोली येथील बाजारपेठा, हळकुंडांना पॉलिश करणारे कारखाने, बाष्पयंत्रे भाड्याने चालविणारे व्यावसायिक आणि शेतकरी उत्पादक कंपन्या असा मोठा व्यवहार या पिकावर उभा राहिला असून २०२४ मध्ये वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही लाभले. या व्यवहारास लागणाऱ्या दोन वस्तू मात्र हिशेबात क्वचितच धरल्या जातात. त्या म्हणजे सरपण व पाणी.

काढलेली हळद शिजवून वाळविल्यावाचून बाजारात नेता येत नाही. शिजविल्याने हळकुंडाचा कच्चा वास जातो, रंग आतबाहेर सारखा पसरतो व वाळण्यास कमी दिवस लागतात. ओल्या शंभर किलो हळदीपासून वाळलेली हळद साधारणपणे २० ते २५ किलोच मिळते. म्हणजे विक्रीस नेलेल्या प्रत्येक क्विंटलामागे चार ते पाच क्विंटल ओला माल शिजविलेला असतो. जिल्ह्याचे वनक्षेत्र मुळातच थोडे आहे. सेनगाव, औंढा व कळमनुरी तालुक्यांच्या डोंगराळ भागात जो झाडझाडोरा शिल्लक आहे तोच तेथील नाल्यांच्या काठची माती धरून ठेवतो. हंगामाचे सरपण तेथून येऊ लागले, तर हळदीस लागणाऱ्या विहिरींचे पाणीही त्याबरोबर आटेल, हे उघड आहे.

जुन्या पद्धतीत हळद काहिलीत पाण्याखाली बुडवून शिजवितात. शंभर लिटर पाणी उकळीस आणण्यास सुमारे ७,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुके लाकूड ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी देते. परंतु उघड्या चुलवाणात त्यांपैकी पाचवा हिस्सा जरी पाण्यापर्यंत पोचला तरी समाधान मानावे लागते. या हिशेबाने नुसते शंभर लिटर पाणी तापविण्यात दहा किलो लाकूड खर्ची पडते. हळदीसाठी लागणारे लाकूड निराळेच. वाफेची गोष्ट वेगळी आहे. एक किलो वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता हळकुंडांना मिळते व ही उष्णता एक लिटर पाणी उकळीस आणणाऱ्या उष्णतेच्या सातपट आहे. म्हणून शंभर किलो हळदीस दहा-बारा किलो वाफ हिशेबाने पुरते. गळती धरून ती दुप्पट मानली तरी काहिलीतील पाण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी होय. ज्यांच्याकडे अद्याप काहीलच आहे त्यांनी तेच पाणी पुढील घाण्यांस वापरावे, आटेल तेवढेच नवे घालावे व काहिलीवर झाकण ठेवावे.

बाष्पयंत्र आले म्हणजे काटकसर आपोआप झाली, असे मात्र समजू नये. जेथे यंत्र एकाचे व सरपण दुसऱ्याचे असते, तेथे यंत्रमालकास सरपण वाचविण्याचे कारण उरत नाही. त्याला प्रतिक्विंटल दर मिळतो. ओले लाकूड जळो की सुके, नळी गळो की न गळो, भुर्दंड शेतकऱ्यास पडतो. यावर साधा उपाय म्हणजे इंधनासह दर ठरविणे. मग यंत्रमालक स्वतःच वाफेच्या नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण घालील आणि सरपण आधी वाळवील. निम्मे वजन पाण्याचे असलेले ताजे लाकूड सुक्याच्या जेमतेम निम्मी उष्णता देते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका बदलाची किंमत कळते. उत्पादक कंपन्यांनी व मोठ्या खरेदीदारांनी आपल्या करारांत ही अट घालावी. यंत्रावर सुरक्षा झडप व पाण्याची पातळी दाखविणारी नळी असल्याखेरीज ते कामास लावू नये, हेही त्याच करारात असावे.

पाण्याच्या बाबतीत शेतावरील खर्च चुलीवरील खर्चाहून फार मोठा आहे. हळद आठ ते नऊ महिने शेतात राहते व तिची लागवड ऐन उन्हाळ्याच्या शेवटी होते, जेव्हा विहिरींत पाणी सर्वांत कमी असते. गादीवाफ्यावर ठिबक संच बसविल्यास पाटपाण्यापेक्षा पाणी वाचते व कंदकुजीचा धोकाही घटतो. संचाचा पहिला खर्च लहान शेतकऱ्यास जड जातो. अशा वेळी हळद घेणाऱ्या कंपनीने तो उचलून हप्त्याने वळता करून घेणे दोघांच्याही हिताचे ठरते, कारण पाण्याअभावी पोसलेले नाही असे हळकुंड तिलाही नको असते.

सरपण जेथे जळते तेथे ते वाढविलेही पाहिजे. बांधावर व पडीक जागी सुबाभूळ किंवा बाभूळ लावता येते. सुबाभूळ छाटल्यावर पुन्हा फुटते. मात्र शेंगा पिकण्यापूर्वी छाटणी न केल्यास तिची रोपे शेतभर उगवून उपद्रव होतो. यंत्रमालकांनी रोपे पुरवून त्या बदल्यात छाटणीचे लाकूड ठरल्या दराने घ्यावे. आंबा, चिंच, मोह व जांभूळ यांची तोड १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगीवाचून करता येत नाही. तेव्हा अशा झाडांचे लाकूड आणून देणाऱ्याकडे खरेदीदाराने परवाना मागितला पाहिजे. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत व सरपण दिवाळीपूर्वी तोडून, फोडून आडोशाखाली रचावे, म्हणजे जानेवारीअखेर काढणी सुरू होईपर्यंत ते वाळलेले असेल.