रस्सा बदनाम, आतडं उपाशी

पोट बिघडलं की कोल्हापुरात पहिला आळ तांबड्या रश्श्यावर येतो. ‘तिखटानं आतड्याची साल निघते’ असं थोरली माणसंही ठामपणे सांगतात. तसं होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून आग होते. प्रत्यक्षात काही भाजत नाही. ज्यांचं आतडं मुळात हळवं आहे, त्यांना मात्र तिखटानं कळा येतात, त्यांनी जपावं. जठरातल्या बहुतेक अल्सरांमागेही तिखट नसतं; असतात वेदनाशामक गोळ्या, नाहीतर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. त्याचा छडा लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. तो तीन ते पाच दिवसांत नवा होतो. पेशी एकमेकींना प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात आणि वर बुळबुळीत श्लेष्माचं पांघरूण असतं. मोठ्या आतड्यातल्या या पेशींची निम्म्याहून जास्त ऊर्जा ब्युटिरेट नावाच्या पदार्थातून येते, आणि ते तयार करतात तिथलेच जिवाणू, आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू श्लेष्माच खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून माझा आक्षेप रश्श्यावर नाही, ताटात मटण-भातच उरण्यावर आहे. शेजारी जोंधळ्याची भाकरी आणि कांदा-काकडी हवीच. मिसळीतही कट कमी आणि मोड आलेली मटकी जास्त मागून घ्यावी.

‘लीकी गट’, म्हणजे ‘गळकं आतडं’, यावरच्या महागड्या पावडरींवर पैसे घालवू नका. सिलिअ‍ॅक, क्रोन्स अशा आजारांत अस्तराची पारगम्यता वाढते हे खरं. पण लीकी गट हे स्वतंत्र निदान वैद्यकशास्त्रानं मानलेलं नाही.

आता नाजूक विषय. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. या धारोष्ण दुधात ‘चांगले जिवाणू’ असतात, ही समजूत धोक्याची आहे. जनावर धडधाकट दिसलं तरी कच्च्या दुधातून ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू येऊ शकतात. तालमीतल्या पोरांनी तरी ते दूध घरी न्यावं, उकळावं आणि मग प्यावं. जिवाणूच हवे असतील तर त्याच उकळलेल्या दुधाला विरजण लावावं. दह्यातले जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत, त्यामुळे वाटीभर दही रोजच्या जेवणात असलेलं बरं.